आधी मीठ, मग मसाला

पोर्क भाजायचं ठरलं की प्रत्येकजण पहिला प्रश्न मसाल्याचा विचारतो. त्यात काय काय घालायचं? दालचिनी किती, मिरच्या कुठल्या, दही चालेल का, पपई लावायची का? माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी वजनकाटा काढा. एक किलो मांसाला १५ ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचे साधारण अडीच चहाचे चमचे, चोळून एक रात्र फ्रिजमध्ये ठेवा. अर्धं काम तिथेच होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी लसूण, मिरी, लाल मिरची आणि थोडा शिरका पुरतो. मुरवण याहून अवघड करायची काही गरज नाही, आणि हे मी दोन अधिकारांनी सांगते. माझं माहेर वसईचं, आणि दिल्लीत मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत आले.

माहेर वसई म्हटल्यावर पुढचं थोडं सांगावं लागतं. मराठी बाई आणि डुकराचं मटण, हे दिल्लीत काय, पुण्यातही पुष्कळांना जुळत नाही. वसईच्या गावागावांत मराठी बोलणारे, मराठीत प्रार्थना म्हणणारे ख्रिस्ती पिढ्यानपिढ्या राहतात. २०२० साली उस्मानाबादला झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्या वसईचेच. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. मधल्या दोनशे वर्षांत चुलीवर जे आलं ते पोर्तुगीज गेल्यावरही राहिलं. मांस आंबट द्रवात लसणीबरोबर मुरवायची रीत ही त्यातलीच.

ही रीत का जन्मली, हे एकदा कळलं की आज आपण काय करावं हेही कळतं. पोर्तुगालमध्ये आणि त्यांच्या मदेइरा बेटावर नाताळात डुकराचं मांस वाइन किंवा शिरका, लसूण आणि मीठ यांत मुरवून मग शिजवतात. फ्रिज नसलेल्या काळात मांस चार दिवस टिकवायचं तर मीठ आणि आंबट हेच दोन आधार होते. लांबच्या समुद्रप्रवासातही तेच. गोव्यात आणि वसईत वाइनच्या जागी माडाच्या ताडीचा शिरका आला. अमेरिकेतून पोर्तुगीजांनीच आणलेली मिरची त्यात पडली, इथले जिरे, मिरी, दालचिनी पडली. गोव्याचं विंदालू आणि आमच्याकडचं इंदियाल त्यातूनच झालं. नाताळाला केलेलं इंदियाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त छान लागतं असं घरातली सगळी मोठी माणसं म्हणत, आणि ते खरंही आहे.

पण भाजायच्या मांसाला इंदियालाएवढा शिरका लागत नाही. तो शिरका मुळात टिकवण्यासाठी होता. आज ते काम फ्रिज करतो. आपल्याला शिरक्याकडून हवी ती फक्त चव, आणि चवीला वाटीभर शिरका लागत नाही, चार मोठे चमचे पुरतात. रस्सा शिजताना आंबटपणा सगळीकडे पसरतो आणि चरबीत मिसळून सौम्य होतो. भाजताना तसं काही घडत नाही. जास्तीचा आंबटपणा मांसाच्या पाठीवरच बसून राहतो.

आता आत काय घडतं ते बघू. कच्चं मांस म्हणजे तीन भाग पाणी आणि एक भाग बाकी सारं, असं ढोबळ मानाने म्हणता येईल. त्यातलं पाणी प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेलं असतं. आच लागली की जाळं आकसतं, पाणी पिळून बाहेर पडतं आणि मांस कोरडं, चिवट लागतं. मीठ चोळलं की आधी थोडं पाणी सुटतं. तासाभराने ताटलीत दिसतं ते हेच. मग त्याच पाण्यात विरघळलेलं मीठ हळूहळू आत शिरतं. तिथे ते स्नायूंतली काही प्रथिनं सैल करतं, ती फुगतात आणि आच लागल्यावरही पाणी धरून ठेवतात. मिठाचे कण इतके लहान की त्यांना आत जायला वाट मिळते. तरी वेळ लागतोच. चॉपसारख्या इंचभर जाड तुकड्याला काही तास पुरतात, खांद्याच्या अखंड गोळ्याला एक रात्र हवी आणि दोन रात्री मिळाल्या तर फारच छान.

मसाल्याचं तसं नाही. दालचिनीचा, लवंगेचा, मिरचीचा स्वाद ज्या द्रव्यांत असतो ती बहुतेक तेलात विरघळणारी आहेत आणि मांस तर पाण्याने भरलेलं आहे. म्हणून मसाला वरच्या काही मिलिमीटरांच्या आत फारसा जात नाही. दोन दिवस ठेवला तरी नाही. मसाल्याने माखलेला भाजलेला तुकडा मधोमध कापून पाहा: कडेला लालसर पट्टा, आत मांसाचाच रंग. यात निराश व्हायचं काही कारण नाही. प्रत्येक घासात थोडी कड येणार आहे, आणि कडेवरचा खमंगपणा आतल्या रसाळ, नेमक्या खारट मांसाबरोबर खाण्यातच भाजलेल्या पोर्कचं सुख आहे. पण त्यासाठी मीठ आत पोहोचलेलं असलं पाहिजे. म्हणून मीठ आदल्या रात्री आणि मसाला दुसऱ्या दिवशी, अशी माझी वाटणी आहे.

शिरका, लिंबू, दही या आंबट गोष्टींविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे, की जितका वेळ ठेवाल तितकं मांस मऊ. आम्लाने वरच्या थराची प्रथिनं उलगडतात हे खरं. थोड्या वेळात त्याने मांस थोडं सैल होतं. पण तीव्र आम्लात बराच वेळ ठेवलं तर तीच प्रथिनं पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात, वरचा थर पांढुरका आणि पिठूळ होतो. दह्यातलं आम्ल सौम्य, म्हणून दिल्लीचे कबाबवाले दह्यावर भर देतात ते योग्यच आहे. शिरका मात्र मसाल्यात कालवून चार-सहा तास, फार तर एक रात्र. त्यापुढे नाही.

कच्च्या पपईचीही तीच कथा. पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं, आणि साठ-सत्तर अंशांच्या आसपास तर जोरात तोडतं, म्हणजे भाजायला ठेवल्यावर त्याचं काम थांबत नाही, वाढतं. दिल्लीच्या मसाला बाजारात याच कामाची आणखी एक चीज मिळते, कचरी. राजस्थानातलं रानटी काकडीवर्गातलं लहान फळ, सुकवून पूड केलेलं. राजपुतांच्या शिकारीच्या मांसाला, सूल्याला, ती लावत. रानडुकराचं मांस चिवट, तिथे कचरीला अर्थ होता. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती शिकारही मागे पडली. दुकानातलं पाळीव डुकराचं मांस वयाने लहान जनावराचं असतं, त्यात चरबीची रेघ असते. त्याला पपई किंवा कचरी लावणं म्हणजे मऊ गोष्ट आणखी मऊ करणं. मी लावत नाही आणि कुणाला लावा म्हणत नाही.

मांस घ्यायला मी आयएनए मार्केटला जाते. अरविंदो मार्गावर, दिल्ली हाटच्या समोर. मेट्रोच्या पिवळ्या आणि गुलाबी दोन्ही मार्गांवरून थेट उतरता येतं. या बाजारात दिल्लीतली अख्खी परदेशी वकिलातींची वस्ती, केरळी, बंगाली आणि ईशान्येकडची मंडळी एकाच गल्लीत भाजी-मासळीचा भाव करताना दिसतात. बांबूचे कोंब, नागालँडची राजा मिर्च, केरळी कुडमपुळी असं सगळं जवळजवळ मिळतं. खाटकाकडे 'शोल्डर' मागावा आणि 'थोडी चर्बी रहने दो भैया' म्हणावं. खांद्याच्या मांसात चरबी आणि संयोजी ऊती दोन्ही असतात, त्यामुळे थोडी चूक झाली तरी ते कोरडं होत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने खांदाच घ्यावा. बेली म्हणजे पोटाचा पट्टा चविष्ट, पण चरबी खूप. चॉप दिसायला सुंदर, तरी त्यात चरबी कमी असल्याने दोन मिनिटं जास्त झाली की संपलंच. मांस घट्ट, गुलाबीसर आणि वासाला स्वच्छ हवं. बोट दाबलं की खळगा लगेच भरून यावा. कापलेल्या भागात पांढुरके, पाणीदार बारीक दाणे दिसले तर ते मांस अजिबात घेऊ नये.

त्या दाण्यांबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण पोर्कविषयीची भीती तिथूनच येते. ते डुकराच्या फीतकृमीच्या अळ्यांचे फोड असतात. असं मांस अर्धकच्चं खाल्लं तर माणसाच्या आतड्यात फीतकृमी होते. मेंदूत गाठी होऊन झटके येणारा जो आजार सगळ्यांनी ऐकलेला असतो तो मात्र थेट मांसातून होत नाही. फीतकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेल्या भाजीतून, दूषित पाण्यातून, अस्वच्छ हातांनी ती दुसऱ्याच्या पोटात जातात, त्यातून तो होतो. जन्मात पोर्क न खाल्लेल्या माणसालाही तो होऊ शकतो. म्हणजे दोन गोष्टी करायच्या: मांस पूर्ण शिजवायचं, आणि कोशिंबिरीच्या भाज्या नीट धुवायच्या. मुरवणीतल्या शिरक्याने किंवा मिरचीने जंतू मरतात असं समजून आच कमी ठेवायची नाही. ते काम फक्त उष्णतेचं.

किती उष्णता? अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश सेल्सिअस आणि त्यानंतर तीन मिनिटं विश्रांती असा नियम केला, खिम्यासाठी ७१ अंश. मी आपल्याकडे चॉपलाही ७१ पर्यंत नेते. आत गुलाबी छटा राहत नाही, पण आदल्या रात्रीच्या मिठामुळे रसाळपणा राहतो. मांसात खुपसायचा थर्मामीटर ऑनलाइन मिळतो, त्याची किंमत एका चांगल्या जेवणाएवढीही नसते, आणि मसाल्याच्या दहा डब्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आता प्रत्यक्ष कृती. एक किलो खांद्याचा गोळा फडक्याने, किंवा स्वयंपाकघरातल्या कागदाने, अगदी कोरडा पुसायचा. १५ ग्रॅम मीठ सगळीकडून चोळायचं, झाकून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं. डिसेंबरात दिल्लीची रात्र फ्रिजइतकी गार होते म्हणून लोक पातेलं बाल्कनीत ठेवतात. तसं करू नये, कारण दुपारी ऊन आलं की तेच पातेलं कोमट होतं. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या घरात असताना, बाजारातून घरी येईपर्यंतही मांस बर्फाच्या पिशवीत हवं.

दुसऱ्या दिवशी आठ-दहा सुक्या काश्मिरी मिरच्या बिया काढून कोमट पाण्यात भिजवायच्या. मी त्या खारी बावलीतून आणते, तिथे रंगावरून मिरची निवडून घेता येते. मिरच्यांबरोबर लसणीच्या मोठ्या बारा पाकळ्या, इंचभर आलं, एक चमचा काळी मिरी, अर्धा चमचा जिरं, चार लवंगा, इंचभर दालचिनी आणि चार मोठे चमचे शिरका घालून गंधासारखं बारीक वाटायचं. पाणी घालायचं नाही. वाटणात एक मोठा चमचा तेल कालवायचं. मसाल्याचा स्वाद तेलात उतरतो आणि भाजताना वर तकतकी येते. हे वाटण मिठात मुरलेल्या मांसाला लावून आणखी चार-सहा तास फ्रिजमध्ये. पुन्हा मीठ घालायचं नाही. भांडं काचेचं, स्टीलचं किंवा चिनीमातीचं असावं. अ‍ॅल्युमिनियम शिरक्यात विरघळतं आणि चव धातूसारखी होते. कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं तर विषारीच ठरेल.

शिरका कुठला, यावर मी थोडी आग्रही आहे. दुकानातली स्वच्छ पांढरी बाटली बहुधा सिंथेटिक असते, म्हणजे अ‍ॅसिटिक आम्लात पाणी घालून केलेली. तिच्यात आंबटपणा असतो, बाकी काहीच नसतं. माडाचा शिरका दिल्लीत सहज मिळत नाही, पण त्याची उणीव भासू नये असा शिरका इथल्याच मातीतला आहे. उत्तर प्रदेशात उसाचा रस महिनोन्‌महिने आंबवून तपकिरी सिरका करतात. त्याला गुळाचा मागचा वास असतो, आंबटपणा गोलसर असतो. पोर्कला तो इतका साजतो की वसईच्या पाहुण्यांना मी तो बाटलीत भरून देते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर साहित्य संमेलन झालं तेव्हा गावाकडची माणसं आली होती. त्यांनी माझ्यासाठी बॉटल मसाला आणला आणि जाताना उसाचा सिरका नेला.

बॉटल मसाला म्हणजे आमच्याकडचा उन्हाळी मसाला. दोन डझनांवर जिन्नस एकेक करून भाजतात, उखळात कुटतात आणि गडद तपकिरी बियरच्या बाटल्यांत ठासून भरतात. गडद काच उजेड अडवते, त्यामुळे मिरचीचा रंग आणि वास वर्षभर राहतो. आमच्या बायकांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. तो मसाला घरात असेल तर वरच्या वाटणात चमचाभर घालावा. नसेल तर त्याच्यासाठी अडून बसू नये.

गूळ वाटणात घालावा असं पुष्कळ कृतींत असतं. मी शेवटी लावते. साखर १६० अंशांच्या पुढे करपायला लागते, आणि खांद्याचं मांस तर दोन तास आत असतं. मांस जवळजवळ झाल्यावर चमचाभर गूळ शिरक्यात विरघळवून ब्रशने लावला की शेवटच्या पंधरा मिनिटांत तो चकाकतो, जळत नाही.

भाजायचं कशावर? कोळशावरचा धूर कुणाला आवडत नाही! पण दिल्लीत पोर्क खायचे महिने आणि हवा बिघडायचे महिने एकच. नोव्हेंबरात वायुगुणवत्तेचा निर्देशांक चढला की हॉटेलांच्या तंदुरांतही कोळसा-लाकडाला बंदी येते. जिथे शेजारच्या लहान मुलाला श्वास घ्यायला त्रास होतो, तिथे गच्चीवर शेगडी पेटवणं मला पटत नाही. त्यातून फ्लॅटच्या इमारतीत प्रत्येकाचं खाणंपिणं वेगळं. कुणी शाकाहारी, कुणाला पोर्क वर्ज्य. माझा वास माझ्या घरात राहिलेला बरा. मी घरातला साधा ओव्हन वापरते आणि पोर्कची भांडी, सुरी, पाट वेगळा ठेवते. त्यामुळे कुठलाही मित्र माझ्याकडे निर्धास्त जेवतो.

मांस फ्रिजमधून काढून वरचं जाड वाटण हाताने निपटून घ्यायचं. ते तसंच ठेवलं तर लसूण करपून कडू होते. खोल ट्रेमध्ये कांद्याच्या जाड चकत्या, त्यावर मांस, अर्धी वाटी पाणी, वर घट्ट फॉइल. १६० अंशांवर दोन तास. खांद्याला ७१ अंश सुरक्षित असले तरी पुरेसे नाहीत; त्यातल्या संयोजी ऊती विरघळून चिकट रस व्हायला हळूहळू ८५-९० अंशांपर्यंत जावं लागतं. सुरी लोण्यात जाते तशी गेली की फॉइल काढायची, गूळ-शिरका लावायचा आणि ओव्हन २२० वर न्यायचा. वरचं पाणी उडून पृष्ठभाग कोरडा झाला की प्रथिनं आणि शर्करा यांची ती तपकिरी, खमंग वास देणारी प्रक्रिया सुरू होते, जिचं वर्णन लुई-कामिय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं. ओल्या पृष्ठभागावर ती नीट होत नाही, कारण पाणी असेपर्यंत तापमान शंभराच्या वर जात नाही आणि या प्रक्रियेला १४०च्या आसपास तरी हवं. बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग कापायचं.

चॉप असतील तर ओव्हनही नको. बिडाचा तवा चांगला तापवून दोन्ही बाजू रंगेपर्यंत, मग आच मंद करून आत ७१ येईपर्यंत. कच्च्या मांसाला लावलेलं उरलेलं वाटण टाकायचं नसेल तर त्याच तव्यात थोडं पाणी घालून खळखळून उकळावं. कच्चं वरून ओतायचं नाही.

आमच्या मजल्यावर दिमापूरची एक मुलगी भाड्याने राहते. ती सफदरजंगजवळच्या हुमायूँपूरमध्ये काम करते, जिथे नागा, मणिपुरी, मिझो खाणावळी एकमेकींना लागून आहेत. माझं शिरक्याचं पोर्क तिला आवडतं, पण तिच्या मते मी मसाला जास्त घालते. "आंटी, हमारे यहाँ नमक, अदरक, मिर्च और बाँस, बस," ती म्हणते. त्यांच्याकडे चुलीवर धुरात वाळवलेलं मांस आंबवलेल्या बांबूच्या कोंबाबरोबर शिजतं. धूर आणि मीठ टिकवायला, आंबवलेला बांबू आंबटपणाला. वसईपासून हजारो किलोमीटरवर, पोर्तुगिजांची सत्ता कधी न पोहोचलेल्या डोंगरांत, माणसं चरबीच्या मांसाजवळ त्याच दोन-तीन गोष्टी घेऊन पोहोचली. मी एकदा तिच्या पद्धतीने, फक्त मीठ, ठेचलेलं आलं आणि राजा मिरचीच्या एका तुकड्याने बेली मुरवून भाजली. उत्तम झाली. या नागा मिरचीला २००८ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि तिचा अर्धा तुकडाही चार माणसांना पुरतो. चिरताना हातमोजे घालावेत.

ट्रेमध्ये तळाशी जो रस आणि चरबी जमते ती फेकू नका. वाटीत काढून गार केली की चरबी वर पांढरी थिजते, खाली लाल रस राहतो. रस गरम करून कापलेल्या मांसावर वाढायचा. चरबीत दुसऱ्या दिवशी उकडलेले छोटे बटाटे सालीसकट परतायचे, वरून मिरी आणि त्याच उसाच्या सिरक्याचे चार थेंब. वसईत याच्याबरोबर फुगे असतात, मैद्याचे आंबवून तळलेले गोळे. दिल्लीत मी कोपऱ्यावरच्या तंदूरवाल्याकडून गरम कुलचे आणते, आणि बटाट्यांवर सगळ्यांची झडप पडते.